तरुण मांजरांच्या त्वचाग्रंथींतील सौम्य वाढ

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या शेतीप्रधान गावात मांजर धान्याचे उंदरांपासून रक्षण करते. त्याच्या अंगावर गाठ दिसली की ती कर्करोगाची तरी मानली जाते किंवा क्षुल्लक तरी. दोन्ही अनुमाने तपासणीवाचून निराधार होत.

स्नेहग्रंथींचे खरे सौम्य अर्बुद बहुधा वयस्क मांजरांत आढळते. तरुण मांजरात गाठ दिसल्यास चाव्यामुळे झालेल्या गळवाचा विचार प्रथम करावा. खच्ची न केलेल्या बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी स्नेहग्रंथी अतिक्रियाशील होऊन केस तेलकट व चिकट होतात. ही अर्बुदाची अवस्था नव्हे.

कानातील प्रकार अधिक फसवा आहे. कर्णमलग्रंथींत द्रव साचून कानाच्या आतील बाजूस निळसर-काळ्या पुटिका उद्भवतात. त्या वयस्क मांजरांत अधिक, तथापि तरुणांतही आढळतात. रंगामुळे त्यांना रंजकपेशींचे मारक अर्बुद समजण्याची चूक सहज घडते. पुटिका मात्र सौम्य असतात. संख्येने वाढल्यास कर्णमार्ग रोधला जाऊन जंतुसंसर्ग होतो, आणि खरा त्रास तोच.

तरीही केवळ रंगरूपावर विसंबणे योग्य नाही. त्वचेच्या अर्बुदांत मारक अर्बुदांचे प्रमाण कुत्र्यापेक्षा मांजरात अधिक आहे. प्रथम बारीक सुईने पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. निदान अनिश्चित राहिल्यास काढलेली गाठ १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवून पशुवैद्यकामार्फत विकृतिशास्त्रीय तपासणीस पाठवावी. पशुवैद्यकीय शिक्षणाची पदव्युत्तर संस्था याच विभागात, अकोला येथे आहे. गाठ घरी पिळणे अथवा फोडणे टाळावे, कारण त्यामुळे दाह वाढतो व नमुन्याचे वाचनही कठीण होते.