रंग ओतण्याआधी

पहिल्यांदा मी रंग ओतला तो आमच्या बुलढाण्याच्या घराच्या गच्चीवर, ऑक्टोबरातल्या एका सकाळी. निळा, पांढरा आणि जरासा सोनेरी. मोबाईलवरच्या व्हिडिओत एका बाईंनी कप कॅनव्हासवर पालथा घातला, अलगद उचलला आणि मोराचा पिसारा उलगडावा तसे रंग पसरले. माझेही पसरले. मी खूश होऊन चहा ठेवायला खाली गेले. वीस मिनिटांनी परत येते तो निम्मं चित्र एका कडेवरून ताडपत्रीवर उतरलेलं, आणि उरलेल्या निम्म्यावर जवळच्या वावरातल्या थ्रेशरमधून उडालेला सोयाबीनचा भुसा छान चिकटून बसलेला.

त्या दिवशी टाकीची गळती बघायला मिस्त्री आले होते. त्यांनी कंबरेवर हात ठेवून चित्र बघितलं, मग गच्चीकडे बघितलं. म्हणाले, "ताई, गच्ची तं उताराचीच असते. नाही तं पावसाचं पाणी जाईन कुठं? रंग काय करीन बिचारा?" पिशवीतून पाणसळ काढून त्यांनी ती कॅनव्हासच्या कडेवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा तडक एका टोकाला जाऊन बसला. अ‍ॅक्रिलिक पोअरिंगचा माझा पहिला धडा मला गवंड्याकडून मिळाला, आणि आजही कोणी विचारलं की "काय काय आणू?" तर यादीत मी पहिली वस्तू पाणसळच सांगते. हार्डवेअरच्या दुकानात छोटी मिळते. मोबाईलमध्येही लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं, पण रंगाने माखलेल्या हातांनी मोबाईल कशाला धरायचा?

पोअरिंग म्हणजे ब्रश बाजूला ठेवून पातळ केलेले अ‍ॅक्रिलिक रंग ओतायचे आणि पाट कलवून, फिरवून त्यांना वाट द्यायची. चित्रकला येत नाही म्हणणारी माणसं याकडे वळतात, ते ठीकच आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्थिरचित्राचा तांब्या कधीच सरळ न आलेल्यांत मीही होते. पण 'यात काही यावं लागत नाही' हे मात्र खरं नाही. यातलं कौशल्य ओतण्याच्या आधी संपतं, एवढंच. ओतायला लागतात दोन मिनिटं. त्याआधीचा तासभर घट्टपणा, वजन आणि सपाटी यांचा.

कॅनव्हासने सुरुवात करू नका. घरात फरशी बसवताना उरलेल्या टाइल्स असतातच. एक फूट बाय एक फुटाची गुळगुळीत टाइल घ्या, भांडी घासायच्या साबणाने धुवा, कोरडी करा. तेलकट बोट लागलं असेल तिथे रंग धरत नाही. जमलं नाही तर रंग ओला असतानाच पुसून टाइल पुन्हा वापरता येते. कॅनव्हासला ती सोय नाही, शिवाय रंगाच्या वजनाने तो मधोमध झोळीसारखा खाली येतो आणि सगळा रंग पोटात साचतो. टाइल चार स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवायची, म्हणजे कडेने ओघळलेला रंग खाली जाईल आणि टाइल ताडपत्रीला चिकटणार नाही.

रंग विद्यार्थ्यांसाठी मिळतात तेच घ्या. दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली, त्या कॅमलिनच्या 'कॅमल'च्या बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानातही असतात. पांढरा मात्र इतका लागतो की बाटल्या पुरत नाहीत. त्यासाठी भिंतीला लावायच्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचा लहान डबा आणावा. पेंटवाले त्यात घालायला स्टेनरच्या ट्यूबही देतात. त्या थेंबाथेंबाने वापरायच्या, कारण स्टेनर जास्त झाला की रंग नीट वाळतच नाही. रंगाला वाहतं करणारं पोअरिंग मीडियम विकत मिळतं, महाग पडतं. शिकेपर्यंत फेविकॉल पुरतो: दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, गुठळी मोडेपर्यंत ढवळून. या मिश्रणाचे दोन भाग आणि रंगाचा एक भाग. विकायचं किंवा वर्षानुवर्षं भिंतीवर टांगायचं चित्र असेल तर मात्र खरं मीडियमच घ्या; गोंद काळाबरोबर पिवळा पडू शकतो.

प्रमाण सांगितलं, तरी ते अंतिम नाही. प्रत्येक रंगाचा घट्टपणा वेगळा. इंग्रजी व्हिडिओत म्हणतात मधासारखा हवा. पण आपल्याकडचा मे महिन्यातला मध आणि जानेवारीतला मध एक असतो का? मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते, कढीपेक्षा घट्ट आणि पिठल्यापेक्षा पातळ. काडी बुडवून वर उचला. धार अखंड पडली पाहिजे. पडलेल्या धारेची छोटी उंची कपात दिसावी आणि 'एक, दोन' म्हणेपर्यंत विरून जावी. लगेच विरली तर पातळ, राहिली तर घट्ट. सगळ्यांत महत्त्वाचं, सगळे कप सारख्या घट्टपणाचे हवेत. एक पातळ आणि एक दाट असेल तर पातळ रंग दाट रंगाला ढकलत पुढे पळतो आणि कडेवरून निघून जातो. पातळ करायच्या नादात नुसतं पाणी ओतत बसू नका. रंगाला धरून ठेवणारा चिकट भाग विरळ झाला की वाळल्यावर तडे जातात.

ढवळायचं हळू. फेटलं की हवा शिरते आणि बुडबुडे वर येऊन फुटले की तिथे खड्डे राहतात. ढवळलेले कप झाकून अर्धा तास ठेवावेत.

रंग किती करायचा? दर चौरस इंचाला साधारण दीड ते दोन मिली. म्हणजे आठ बाय दहा इंचाच्या पाटाला सव्वाशे ते दीडशे मिली, फूटभर टाइलला सव्वादोनशे ते पावणेतीनशे. ऐकायला फार वाटतं, पण कडेवरून ओघळणारा रंग यातच आला. कमी पडला की माणूस पाट जास्त कलवतो, आणि जाळी ताणून फाटते.

ही जाळी, म्हणजे ज्याला 'सेल' म्हणतात ती गोल-गोल नक्षी, बघूनच बहुतेक जण या नादाला लागतात. ती का पडते? मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रायोगिक कार्यशाळा चालवली. गाड्यांना देतात तसले रंग लाकडी फळ्यांवर एकावर एक ओतून ते बघत बसत की रंग आपसात काय करतात. तिथे शिकायला येणाऱ्यांत जॅक्सन पोलॉकही होते. पुढे २०१५ मध्ये मेक्सिकोच्याच राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रकार प्रयोगशाळेत करून बघितला. त्यांना दिसलं की हलक्या काळ्या रंगावर जड पांढरा ओतला तर जड रंग खाली बसू बघतो, हलका वर येऊ बघतो आणि या ढकलाढकलीत नक्षी उमटते. उलट, जड पांढऱ्यावर हलका काळा ओतला तर दोघं आपापल्या जागी शांत राहतात.

म्हणजे रंगाला वजन असतं. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड, काळ्यातली काजळी दुपटीहूनही कमी. हे पटत नसेल तर आपलं लोणार आठवा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला; आणि ते जीव तळाशी बसले की वरचं पाणी स्वच्छ दिसायचं. रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा होता. आपल्या कपातही तेच असतं. म्हणून रात्री कालवून ठेवलेला रंग सकाळी तसाच ओतू नये, तळ खरवडून पुन्हा ढवळावा.

आणखी जाळी हवी असेल तर सिलिकॉन तेल. शंभर मिलीला दोन-तीन थेंब, काडीने एकदाच फिरवायचे. केसांना लावायच्या सीरमच्या बाटलीवर 'डायमेथिकोन' लिहिलेलं असेल तर ते चालतं. शिलाई मशीनचं तेल चालत नाही. ते वेगळं तेल आहे. सुरुवातीला सगळ्यांचा हात सिलिकॉनवर सैल सुटतो आणि टाइलभर देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठतात. माझं मत विचाराल तर पहिल्या पाच टाइल्स सिलिकॉनशिवाय करा. नुसत्या वजनाच्या फरकाने पडलेली जाळी कमी असते, पण डोळ्यांना जास्त बरी वाटते.

रंग तीनच घ्या आणि चौथा पांढरा. लाल आणि हिरवा, जांभळा आणि पिवळा अशा जोड्या शेजारी आणल्या की त्यांच्या मधल्या सीमेवर चिखल होतो. कपात थर लावताना काठावरून सावकाश सोडा आणि काडी घालायचा मोह आवरा. मग टाइल कपावर पालथी ठेवून दोन्ही एकदम उलटे करा, एक मिनिट थांबा, कप उचला. रंग आधी चारही कोपऱ्यांकडे सारखा न्या. एकाच बाजूला भराभर कलवला तर जाळीच्या लांबुळक्या रेघा होतात. आवडेल असं दिसलं की तिथेच थांबा. 'अजून जरासं' म्हणून कलवलेल्या टाइल्सचा माझ्याकडे एक ढीग आहे.

दख्खनला ही गंमत नवी नाही. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उतरवत. 'अब्र' म्हणजे ढग, त्यावरून हा अबरी कागद. त्यातून केलेली हाडकुळ्या घोड्याची चित्रं आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. तिथेही रंगाला मोकळं सोडलं होतं, पण कुठवर सोडायचं ते कारागिराने आधीच ठरवलेलं होतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. राजूर घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगावकडे गेलं की उन्हाळ्याची धग वेगळीच. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली दुपारी रंग ओतला तर वरची साय मिनिटांत धरते, आतला रंग ओलाच राहतो, आणि तो आक्रसताना साय फाडतो. त्या दिवसांत रात्री ओतावं, पंखा बंद ठेवावा, वर मोठं खोकं उपडं घालावं, बाजूने थोडी हवा राहू द्यावी. पावसाळ्यात उलट त्रास: चार-चार दिवस रंग ओला, आणि दिव्यावरची पाखरं येऊन त्यात बसतात. दिवाळीच्या आगेमागे हवा सर्वांत बरी, फक्त मळणीचा भुसा. तेव्हा गच्ची नको, खोलीच बरी. (राजूर घाटात गाडी थांबवली तर काळ्या दगडाचे थर नक्की बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा आहे तो, थरावर थर. लोणारच्या विवराच्या कडांमध्येही तसेच थर दिसतात. ओतण्याच्या कामात आपली जमीन फार जुनी आहे.)

उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात तो रबरासारखा घट्ट होतो, हे मी प्लंबरला पैसे देऊन शिकले. नाल्यात किंवा विहिरीच्या कडेलाही नको. कप तसेच वाळू द्या, दुसऱ्या दिवशी रंगाची साल अख्खी निघते. ताडपत्रीवर ओघळलेला रंगही असाच सोलतो. मुली त्या साली कापून कानातले करतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी ते चित्रापेक्षा देखणे असतात.

टाइल दोन-तीन दिवसांत हाताला कोरडी लागते. ती आत वाळलेली नसते. तीन आठवडे धीर धरा. सिलिकॉन घातलं असेल तर मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने तेल पुसून काढा, कोरडं करा आणि मगच व्हार्निश लावा. तेल राहिलं तर व्हार्निश माशाच्या डोळ्यांसारखे गोल सोडून पसरतं. चहाच्या गरम कपाखाली ठेवायला या टाइल्स देऊ नका. उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं आणि कप उचलताना रंग सोबत येतो.

दसरा ते भाऊबीज साधारण बावीस दिवस असतात. दसऱ्याला ओतलेली टाइल भाऊबीजेच्या ओवाळणीला नेमकी तयार होते. दसरा हुकला असेल, तर संक्रांतीचं वाण आहेच. पहिली टाइल येत्या सुट्टीत ओता, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलने तारीख, रंग आणि पाण्याचं प्रमाण लिहून ठेवा.