रोम व्हाया आविन्यों

युरोप ट्रिप ठरवताना आपण सगळे साधारण एकच उद्योग करतो. पॅरिस दोन रात्री, स्वित्झर्लंड तीन, रोम दोन. आणि पोप म्हटलं की व्हॅटिकन! पण बॉस, चौदाव्या शतकात पोपच्या दर्शनाला रोमला गेला असतात, तर हात हलवत परत यावं लागलं असतं. साहेबांनी हेड ऑफिसच हलवलं होतं. दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीकाठच्या आविन्यों गावात.

१३०९ ते १३७७. जवळपास सत्तर वर्षं, लागोपाठ सात पोप आणि सातही फ्रेंच! तिकडे रोममध्ये सरदार घराण्यांच्या मारामाऱ्या, इकडे फ्रान्सच्या राजाचं प्रेशर. सुरुवातीला मुक्काम तात्पुरता होता. मग भाड्याच्या जागेत आपलं होतं तेच झालं. जीव रमला आणि बांधकाम निघालं.

पॅरिसहून टीजीव्हीने आविन्यों तीन तासांच्या आत गाठता येतं. स्टेशन गावाबाहेर, पण तिथून लोकल गाडी थेट तटबंदीपाशी सोडते. गल्लीबोळांतून चालत मोठ्या चौकात आलात की समोर उभा ‘पाले दे पाप’, म्हणजे पोपचा राजवाडा. राजवाडा कसला, किल्लाच! उंच, कोऱ्या भिंती, जाडजूड बुरूज. तब्बल १५,००० चौरस मीटरचा हा पसारा १३३५ पासून वीसेक वर्षांत उभा राहिला. १९९५ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे.

गंमत म्हणजे यात दोन माणसांचे स्वभाव दिसतात. जुना भाग बांधला बाराव्या बेनेडिक्टने. मूळचा मठातला साधू, त्यामुळे सगळं भक्कम आणि रूक्ष. नवा भाग सहाव्या क्लेमेंटचा. हा मात्र एकदम शौकीन! त्याच्या स्टडीत जाऊन बघा. धर्मगुरूची खोली, आणि भिंतींवर देव नाही की संत नाही. सगळीकडे झाडी, शिकारी, बहिरी ससाणे, तळ्यात मासे पकडणारी मंडळी. माझ्या मते अख्ख्या राजवाड्यातली ही सर्वांत जिवंत खोली.

याच क्लेमेंटने १३४८ मध्ये अख्खं शहर विकत घेतलं, ८०,००० फ्लोरिनला. विकणारी होती नेपल्सची राणी जोआना. नवऱ्याच्या खुनाचा संशय तिच्यावर होता आणि त्याच वर्षी पोपने तिला निर्दोष ठरवलं. डील कसं झालं असेल, तुम्हीच ठरवा.

पण हाच माणूस त्याच वर्षी वेगळाही दिसतो. प्लेग आविन्योंत शिरला होता. पेट्रार्कच्या कवितांतली लॉरा याच साथीत, याच गावात गेली. डॉक्टरच्या सल्ल्याने पोप दोन धगधगत्या आगट्यांच्या मध्ये बसून राहिला. बाहेर अफवा उठली की ज्यूंनी विहिरींत विष कालवलंय. जमाव घरं पेटवायला लागले. क्लेमेंटने फर्मानं काढून ठणकावलं, की अहो, प्लेगने ज्यूसुद्धा मरताहेत, आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही साथ आहेच. मग विषाचा प्रश्न येतो कुठे? त्याच्या स्वतःच्या मुलखात ज्यूंना आसरा मिळाला. स्ट्रासबुर्गमध्ये मात्र १३४९ मध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आलं. एवढ्या बलाढ्य हेड ऑफिसचा शब्दही तिथे चालला नाही. ते रिकामे दालन बघताना मला हेच सारखं आठवत होतं.

हो, रिकामे. ‘आत आहे काय बघायला?’ ही तक्रार तुमच्या ग्रुपमधला एकजण नक्की करणार. फर्निचर नाही, पडदे नाहीत. क्रांतीच्या काळात लूट झाली, मग एकोणिसाव्या शतकात इथे चक्क लष्कराची बरॅक आली. सैनिकांनी भिंतींवरच्या चित्रांचे तुकडे कापून विकले! सेंट जॉन चॅपेलमध्ये काही संतांची डोकी गायब आहेत, ती त्यामुळे. १९०६ मध्ये लष्कर गेलं, तेव्हा कुठे राजवाड्याला श्वास घेता आला. तिकिटाबरोबर टॅब्लेट मिळतो, तो खोलीचं जुनं रूप दाखवतो. बरा आहे, पण तळमजल्यावरच्या खजिन्याच्या खोलीत तो बाजूला ठेवा. तिथल्या फरशांखाली गुप्त कप्पे होते. अख्ख्या युरोपातून गोळा झालेला कर पायाखाली!

अकरावा ग्रेगरी १३७७ मध्ये रोमला परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. रोममध्ये एक पोप, आविन्योंत दुसरा, दोघेही म्हणणार मीच खरा. हे भांडण मिटायला १४१७ उजाडलं.

१९४७ मध्ये सुरू झालेला नाट्यमहोत्सव इथे जुलैत भरतो आणि राजवाड्याचं मुख्य आवार हेच त्याचं मोठं स्टेज. पीटर ब्रूकचं नऊ तासांचं ‘महाभारत’ १९८५ मध्ये याच महोत्सवात पहिल्यांदा झालं, गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत. द्रौपदी होती आपली मल्लिका साराभाई!

नाटकवेडे असाल तर जुलै गाठा, पण हॉटेल फार आधी बुक करा. निवांत राजवाडा बघायचा असेल तर मे किंवा सप्टेंबर. आणि रात्रीच्या शोला जॅकेट न्याच. मिस्त्राल वारा सुटला की त्या आवारात भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते.