समुद्रफुलाने शिकवलेला ॲलर्जीचा धडा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पण कोकणात सहलीला गेलेल्यांपैकी काहींनी ओहोटीच्या वेळी खडकाला चिकटलेला, जेलीसारखा गोळा पाहिला असेल. तेच समुद्रफूल. पाणी ओसरले की ओल टिकवण्यासाठी ते मिटते. भरती आली की पाकळ्यांसारखे हात पसरते. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे, प्रवाळ आणि जेलीफिशचा नातलग. हातांवरच्या सूक्ष्म दंशपेशींतून विष टोचून तो लहान मासे, कोळंबी बधिर करतो आणि गिळतो.

याच विषाने वैद्यकशास्त्राला मोठा धडा दिला. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी ते कुत्र्यांना टोचले. काही आठवड्यांनी पुन्हा अगदी थोडे विष दिले. शरीराला सवय झाली असेल, ही अपेक्षा फोल ठरली. कुत्रे काही मिनिटांत दगावले. १९०२ मध्ये त्यांनी या तीव्र प्रतिक्रियेला ‘ॲनाफायलॅक्सिस’ म्हटले. १९१३ चे नोबेल रिशे यांना मिळाले.

हा धोका समुद्रापासून दूर, शेतातही असतो. गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखाद्या औषधानंतर अंगावर गांधी उठल्या, जीभ किंवा घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. तेथे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. मागच्या वेळी थोडक्यात निभावले, म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असे नाही.