गिरणीतून आलेलं रीळ

सोलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात ते लेकीकडे सिएटलला चाललेत. जावयांना तिथल्या नद्यांत ‘स्टीलहेड’ नावाचा मासा गळाने धरण्याचा नाद आहे. त्यांच्यासोबत पाण्यात उभं राहायचं तर काठी किती फुटांची घ्यावी, रीळ कुठलं घ्यावं? आणि एवढे पैसे घालायचेच, तर परत आल्यावर तेच सामान उजनीवर चालेल का? प्रश्नाचा शेवटचा तुकडा अस्सल सोलापुरी असल्यामुळे उत्तर द्यायचंच ठरवलं.

तर उत्तर आधी. साडेआठ ते नऊ फुटांची मध्यम ताकदीची काठी, ३००० किंवा ४००० क्रमांकाचं स्पिनिंग रीळ आणि साडेचार-पाच किलो ताण सोसणारा तंगूस. उजनीवरही चालेल, फक्त कटल्यासाठी तंगूस थोडा जाड भरावा. दुकानदार याहून फार वेगळं सांगणार नाही. पण तो बोलेल ते मुख्यतः काठीबद्दल, कार्बन किती टनांचा वगैरे. रिळाबद्दल बोललाच तर आत बेअरिंग किती ते सांगेल. मासा काठाला येणार की तंगूस तोडून जाणार हे ज्या भागावर ठरतं, त्या ब्रेकचा विषय सहसा निघत नाही. आणि हे रीळ मुळात आलं कुठून, हे तर कोणी सांगतच नाही. ते आलं एका गिरणीवाल्याच्या डोक्यातून. सोलापुरात तरी ही गोष्ट माहीत असायला हवी.

आधी माशाबद्दल थोडं. स्टीलहेड म्हणजे आपल्याला मुन्नारच्या तलावांमुळे ऐकून माहीत असलेला रेनबो ट्राउटच. पण नदीत जन्मून प्रशांत महासागरात जाणारा, तिथे खाऊन-पिऊन दांडगा होणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढणारा. प्रशांत महासागरातले सामन अंडी घातल्यावर मरतात. हा गडी पुष्कळदा वाचतो आणि परत समुद्राकडे निघतो. गळ लागला की प्रवाहाच्या दिशेने सुसाट सुटतो. आपल्या दख्खनच्या नद्यांत असं धावणारा मासा म्हणजे महसीर, अर्थात खडस. विल्यम हेन्री साईक्स या मुंबई इलाख्यातल्या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीला येते, म्हणजे हा मासा आपल्याच पाण्यातला. आज त्या पाण्याचं काय झालंय ते उजनीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी १९७० च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास साधली, हे त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक आहे. उजनीत आता राज्य चिलापीचं. चिलापीसाठी ब्रेकची गरज पडत नाही, नुसता बांबू पुरतो. ब्रेक लागतो तो धावणाऱ्या माशाला.

आता रीळ. गळाच्या काठीला चाक लावायची कल्पना जुनी आहे. मा युआन या चिनी चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात होडीत बसलेल्या कोळ्याच्या काठीवर छोटं चाक स्पष्ट दिसतं. त्यानंतर सातशे वर्षं चाकाची तऱ्हा तीच राहिली. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या आसपास दातेरी चाकांचं असं रीळ बनवलं की मुठीच्या एका फेरीत त्याच्या अनेक फेऱ्या होत. पण मूळ दुखणं तसंच राहिलं. आमिष दूर फेकायचं तर सगळं चाक फिरायला हवं. ते जड असलं तर फिरायला कुरकुरतं, आणि एकदा फिरलं की थांबायला कुरकुरतं. आमिष पाण्यावर टेकलं तरी चाक फिरतच राहतं आणि दोऱ्याचा असा गुंता होतो की मासेमारी तिथेच संपते. हलकं आमिष असेल तर विचारायलाच नको, त्याच्याने चाक हलतच नाही.

इथे आपण कोणत्याही जुन्या मागावर जाऊ. धोट्यात कांडी बसवलेली असते. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळतो, मागे बाण्याचा धागा सुटत जातो, आणि कांडी मात्र जागची हलत नाही. धागा तिच्या टोकावरून, वेढा-वेढा करत निघतो. कांडी फिरवावी लागली असती तर धोट्याच्या प्रत्येक फेकीला धागा तुटला असता. सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये १८७७ पासून आणि त्याआधी पेठांतल्या हातमागांवर, ज्यांनी ज्यांनी कांड्या भरल्या त्या सगळ्यांना हे पाठ होतं. त्यात कुणाला विज्ञान दिसलं नसेल, कारण ते रोजचं होतं.

इंग्लंडातलं ब्रॅडफर्ड हे असंच गिरण्यांचं शहर, फक्त तिथे लोकर. तिथल्या एका गिरणीमालक घराण्यातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने १९०५ मध्ये स्थिर रिळाचं पेटंट घेतलं. रीळ काठीच्या दिशेने तोंड करून उभं. फेकताना ते फिरतच नाही, दोरा त्याच्या कडेवरून सुटतो. कल्पना गिरणीतल्या बॉबिनवरून आली, असं रिळांचा इतिहास सांगणारे म्हणतात, आणि रीळ पाहिल्यावर दुसरं काही पटतही नाही. त्याच्याआधी १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या पीटर मॅलॉकने चाक फेकण्यापुरतं आडवं वळवायची युक्ती केली होती. दोरा सुटायचा छान. पण गुंडाळताना चाक पुन्हा सरळ करून नेहमीसारखं फिरवायचं, आणि तिथे घोटाळा होता.

घोटाळा पिळाचा. कांडीच्या टोकावरून धाग्याचा एक वेढा सुटला की धाग्याला एक पीळ बसतो. मागावर त्याची फिकीर नसते, धागा एकदाच सुटतो आणि कापडात जातो. मासेमारीत तोच दोरा दिवसभर आत-बाहेर करायचा असतो. मॅलॉकच्या रिळात दर फेकीला पीळ बसे आणि गुंडाळताना सुटत नसे. संध्याकाळपर्यंत दोरा वळवळू लागे. इलिंगवर्थने गुंडाळण्याचं कामही टोकावरूनच केलं. रीळ स्थिर, त्याच्याभोवती फिरणारा एक हात दोरा लपेटतो. गुंडाळताना एका दिशेचा पीळ बसतो, फेकताना तितकाच उलटा. हिशेब शून्य. मला या माणसाचं खरं कर्तृत्व इथे वाटतं. दोरा टोकावरून सोडायचं मॅलॉकलाही सुचलं होतं. येणं आणि जाणं एकाच वाटेने असलं पाहिजे, हे सुचायला गिरणीतच वाढावं लागत असावं. मासेमारीच्या पुस्तकांत काठ्यांच्या कारागिरांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि या बाबाला एखादी ओळ मिळते. तुम्ही विकत घ्याल ते प्रत्येक स्पिनिंग रीळ त्याचंच नातवंड आहे. दोरा पकडणारा आपोआप मिटणारा हात हार्डी कंपनीने १९३० च्या दशकात आणला, बाकी सांगाडा तोच.

हिशेब शून्य राहण्याला एक अट आहे आणि नवखा माणूस ती हमखास मोडतो. मासा ओढतोय, ब्रेक सरकतोय, दोरा बाहेर चाललाय, आणि हा घाबरून मूठ फिरवतोय. मुठीच्या प्रत्येक फेरीला तो हात रिळाभोवती पाच-सहा वेळा फिरतो, दोरा तर आत येतच नाही, फक्त तितके पीळ बसतात. मासा धावत असताना मूठ सोडून द्यायची. तरीही तंगूस पिळलाच, तर गळ-आमिष काढून टाकून नुसता दोरा वाहत्या पाण्यात लांब सोडावा आणि थोड्या वेळाने गुंडाळून घ्यावा. पीळ मोकळ्या टोकाने निघून जातो.

ब्रेककडे आता येऊ. रिळाच्या आत चकत्यांची चळत असते, वरची कळ आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. ठरावीक ओढ लागली की रीळ सरकतं आणि दोरा तुटण्याऐवजी सुटतो. ही ओढ तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवतात. गाठीत तंगूस मुळातच कमजोर होतो, उन्हानेही होतो, म्हणून एवढं अंतर. ताणकाट्याला दोरा अडकवून, काठी वाकवून, घरीच लावून पाहता येते. चांगला ब्रेक आणि वाईट ब्रेक यांतला फरक कमाल ताकदीत नसतो, सुरुवातीच्या हिसक्यात असतो. थांबलेल्या चकतीला हलवायला लागणारं बळ, हलत्या चकतीला हलतं ठेवण्यापेक्षा जास्त असतं. हा फरक जितका कमी, तितकं रीळ उत्तम. दुकानात दोरा हाताने हळू ओढा. धक्के देत सुटला तर बेअरिंग दहा असोत की बारा, खाली ठेवा.

आणि शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राचा इथे एक सुरेख सापळा आहे. ब्रेक अडवतो ते रिळाचं फिरणं. दोऱ्यावरचा ताण मात्र दोरा किती त्रिज्येवरून सुटतोय त्यावर ठरतो. भरलेल्या रिळाची त्रिज्या २४ मिलीमीटर आहे आणि तुम्ही दोन किलोवर ब्रेक लावलाय, असं धरा. माशाने एवढा दोरा नेला की त्रिज्या १६ वर आली. कळीला कुणी हात लावला नाही, तरी आता ताण तीन किलो झाला. शिवाय पाण्यातला लांब दोराही प्रवाहात ओढला जातो, तो ताण वेगळाच. मासा दूर चालला की माणूस कळ आवळतो. सैल करायला हवी असते.

राहिली काठी. मासा ओढताना काठी माणसाच्या बाजूने आहे असं वाटतं. तरफेच्या नियमाने ती माशाच्या बाजूने असते. तीन मीटरची काठी, बूड पोटाला टेकवलेलं, वरचा हात बुडापासून अर्ध्या मीटरवर. शेंड्याला काटकोनात दोन किलोची ओढ बसली तर हाताला बारा किलो तोलावे लागतात. हे वाचवतो तो काठीचा बाक. काठी वाकली की ओढीची रेषा हाताच्या जवळ येते. अंतर निम्मं झालं तर बाराचे सहा. लांब काठी फेकायला आणि दोरा पाण्यावरून उचलून धरायला चांगली, ओढायला वाईट. म्हणून साडेआठ-नऊ फूट. काठी अगदी उभी धरून मासा काठाशी उचलायचा प्रयत्न मात्र करू नये. सगळा बाक शेंड्यात जातो आणि शेंडा मोडतो.

टनांची भानगड अशी: ‘चोवीस टन’ किंवा ‘चाळीस टन’ हा कार्बनच्या तंतूच्या ताठपणाचा आकडा आहे, एका चौरस मिलीमीटरमागे टनांत मोजलेला. काठी चाळीस टन उचलत नाही. आकडा वाढला की काठी हलकी आणि झटकेदार होते, तशीच ठिसूळही; एस.टी.च्या टपावर, जीपच्या दारात ती पहिली जाते. फायबरग्लासची काठी जड, थोडी आळशी, पण वाकण्यात दिलदार. आर्थर हॉवल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आपल्या बांबूच्या काठीचा मोडलेला शेंडा काचतंतूंनी बनवला, तिथून तिची सुरुवात. काचतंतू वीज वाहून नेत नाहीत. कार्बन नेतो, आणि हे डब्यावर क्वचितच ठळक छापलेलं असतं. उजनीच्या काठाकाठाने शेतीपंपांच्या तारा गेल्यात, आणि मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग येतात. नऊ फुटांची कार्बनची काठी खांद्यावर उभी धरून तारांखालून चालू नये आणि गडगडाट ऐकू आला की ती हातात ठेवू नये.

म्हणून प्रश्नकर्त्यांना माझा सल्ला थोडा काटकसरीचा आहे. सिएटलला काठी जावयांचीच मागून घ्या, परवानाही तेच काढून देतील. मासा लागला तर पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर पाहा. कापलेला असेल तर तो पैदास केंद्रातला. अख्खा असेल तर नदीचा मूळचा, आणि तो बहुतेक ठिकाणी पाण्यात परत सोडावा लागतो. उजनीसाठी इकडे आल्यावर फायबरग्लासची साधी काठी घ्या. जलाशयात मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी काठावर विचारून घ्या. रीळ मात्र स्वतःचं, पारखून घेतलेलं, दोन्हीकडे न्या. घरी आल्यावर ब्रेकची कळ पूर्ण सैल करून ठेवायची, नाहीतर चकत्या दबून चिकटतात.