प्रश्नचिन्हाने सुरू होणारे घाटंजी

कृतिदेव फाँटातला जुना मजकूर उघडून फाँट इंग्रजी केला, की घाटंजी या गावाच्या नावाची सुरुवात प्रश्नचिन्हाने होते. त्या फाँटात अर्धा घ प्रश्नचिन्हाच्या जागी बसवलेला आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांच्या भाषेत, मात्र प्रश्नचिन्ह म्हणजे ‘आधीचे अक्षर असो वा नसो’. आधी काहीच नसले की प्रोग्रॅम अडतो. बॅकस्लॅश लावून त्या चिन्हाला गप्प करावे लागते.

या खुणांची गणिती मांडणी स्टीफन क्लिनीने 1951 मध्ये केली. केन थॉम्प्सनने 1968 मध्ये ती मजकूर शोधायला लावली, 1973 मध्ये ‘ग्रेप’ हे शोधसाधन आले, 1987 मध्ये पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा. सगळा कारभार रोमन अक्षरांचा.

मराठीत खरी कसोटी लागली ती फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना. जुन्या फाँटात ‘कि’ टंकताना आधी वेलांटी, मग क, युनिकोडमध्ये उलटे. दोन्ही कंसात पकडून अदलाबदल केली की झाले, असे वाटते. ‘स्थिती’ आली की फसते, कारण वेलांटीला अर्धा स ओलांडून थ च्याही पलीकडे जायचे असते. रफाराची वाट याच्या उलट: फाँटात तो अक्षराच्या आणि काना-मात्रांच्या नंतर येतो, त्याला मागे नेऊन र् करायचा. बदलांचा क्रम चुकला तर अर्धा घ आणि त्याचा दांडा वेगळे पडतात. मला विचाराल तर ही खटपट व्याकरणाची अधिक, संगणकाची कमी.

युनिकोडनेही सगळे मिटले नाही. ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य कुणी ऱ या अक्षराने लिहितो, कुणी र ला नुक्ता देऊन, कुणी र् पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच, शोधताना एक सापडतो, दोन निसटतात. मराठी विकिपीडियावरचे सांगकाम्ये, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, अशाच दुरुस्त्या करत फिरतात.

पायथनमध्ये ‘शब्दातले अक्षर’ सांगणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरून पाहा. पायथनचे नेहमीचे साधन काना, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. घाटंजीचे घ, ट, ज असे तीन तुकडे हाती येतात. यवतमाळचे दोनच. ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे पॅकेज हे नीट करते. बरेच जण मात्र देवनागरीचा 128 जागांचा सगळा पट्टाच चौकटी कंसात टाकून मोकळे होतात. त्यात दंडही येतो, म्हणून अभंगातल्या ओळीचा शेवटचा शब्द दंडासकट निघतो. आणि ते अदृश्य जोडचिन्ह पट्ट्याबाहेर असल्याने शेतकऱ्याचे पुन्हा दोन तुकडे.