कवडशातली धूळ

मुलांनो, भिवंडीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात तुम्ही गेला असाल. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते. मराठीत तिला कवडसा म्हणतात. त्यात सुताचे बारीक तंतू तरंगताना दिसतात. कवडशाबाहेरही ते असतातच, पण आपल्याला दिसत नाहीत. अशी धूळ आकाशात किती उंच असेल?

कारखान्यातली धूळ फार वर जात नाही. ती खाली बसते, नाहीतर पावसाबरोबर वाहून जाते. आपल्याकडे ढग साधारण १६ किलोमीटर उंचीच्या आतच असतात. त्याच्या वरच्या थराला स्थितांबर म्हणतात. तेथे पाऊस नाही. म्हणून तेथे पोचलेला बारीक कण वर्षभरसुद्धा तरंगत राहतो.

तेथे मुख्यतः गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू वर जातो आणि त्याचे हे थेंब बनतात. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या थेंबांनी इतके ऊन अडवले, की पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरले! शिवाय, जळालेल्या उल्कांची धूळ वरून खाली येते ती वेगळीच.

पण तेथे काही जिवंत असेल का? कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांना हा शोध घ्यायचा होता. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून इस्रोचा एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्याला पोलादाच्या १६ जंतुरहित नळ्या जोडल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्यांत हवा भरून घेतली.

आता खरी अडचण होती. जंतू सापडले, तर ते आकाशातले की आपल्याच हातांचे? म्हणून एक नळी वर नेली, पण उघडलीच नाही. तीही इतरांसारखीच तपासली. तिच्यात काही निघाले नाही. मला तर ही युक्ती फुग्यापेक्षाही मोठी वाटते.

बाकीच्या हवेतून पुणे आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू अगदी नवे होते. एकाला इस्रोचे, दुसऱ्याला आर्यभटाचे आणि तिसऱ्याला नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव दिले.

उन्हातील अतिनील किरण बहुतेक जंतूंना मारतात. हे तिघे मात्र आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा ते अधिक सोसतात. मग ते अवकाशातून उतरले, की पृथ्वीवरून चढले? इस्रोने २००९ साली निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा स्पष्ट सांगितले, की ते अवकाशातून आले असे यावरून सिद्ध होत नाही.