स्वेटरवाल्यांचा कागद

हिवाळा आला की आपल्याकडच्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात. केडगावात आम्ही वस्तीतल्या लोकांची कागदपत्रांची कामे करतो, तेव्हा कुणीतरी हमखास विचारते, हे लोक आपल्यासारखेच बौद्ध, मग इथे राहतात कशाच्या जोरावर?

जोर आहे 'आरसी'चा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे १९५९ मध्ये दलाई लामांपाठोपाठ आलेले तिबेटी कायद्याने 'परकीय' ठरले. आरसी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात मिळते. मुदत संपली की नूतनीकरण, पत्ता बदलला की नोंद. तिच्यावर मतदान करता येत नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथे जन्मून मोठी झालेली, शिकलेली माणसेही आरसीवरच जगत आली.

खरा पेच जन्मतारखेचा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय, आईवडील कुठलेही असोत. म्हणजे तिबेटातून आलेल्या एकाच जोडप्याचा १९८६ चा मुलगा भारतीय आणि १९८८ ची मुलगी परकीय! नामग्याल डोलकर यांचा जन्म १९८६ चा, तरी त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या भारतीयच आहेत असा निकाल दिला.

पण २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: आरसी परत करा, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. नागरिकत्व घ्यायचे तर घर सोडायचे, हा कसला सौदा? अनेकजण म्हणूनच अर्ज करत नाहीत. काहींना तर तिबेटी ही ओळखच सोडायची नाही.

या तारखा आपल्यालाही लागू आहेत. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला स्वतःच्या जन्मासोबत आईवडिलांपैकी एकाचे, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघांचेही कागद लागू शकतात. आधार इथे चालत नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असे म्हटले आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळ फडावर जन्मते आणि नोंद राहून जाते. ती जिथे जन्म झाला तिथेच, २१ दिवसांत करायची. वर्ष उलटले तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो.